पावशेर उजेड

मन्मथआप्पांच्या दुकानात पातेलं घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक आधी स्टुलावर बसायचं, आणि मग, आप्पांना आठवलं तर, त्याला पातेलं मिळायचं.

हे स्टूल दुकानाच्या दारात, उंबऱ्याच्या जरा आत ठेवलेलं असे. केजच्या बाजारपेठेत भांड्यांची दुकानं चार-पाच होती, पण असं स्टूल फक्त आप्पांकडे. सकाळी नऊच्या सुमाराला समोरच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन आपटायचं आणि तिथून उलटून नेमकं या स्टुलावर यायचं. त्या वेळेला जो कुणी तिथं सापडेल त्याची सुटका नसे. मी दुकानावरच्या माडीत भाड्यानं राहत होतो आणि हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. शाळा अकराची. त्यामुळे नऊ ते दहा हा सगळा खेळ मला जिन्यात बसून चहा पीत बघायला मिळे.

एकदा युसूफ वडगावचं एक जोडपं लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलं. बाई दमल्या होत्या, त्या स्टुलावर टेकल्या. आप्पा हंडा काट्यावर ठेवत होते. ठेवता ठेवता त्यांची नजर बाईंच्या चेहऱ्यावर गेली आणि हंडा तसाच हातात धरून ते दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, हालू नका."

बाई जागच्या जागी थिजल्या. "इंचू हाय का वो?"

"न्हाई. उजेड हाय."

बाईंचे मालक म्हणाले, "आप्पा, हंडा किती भरला?"

"हंडा ऱ्हाऊ द्या. हितं उजेड पावशेर कमी पडायलाय. तुमी ती परात घ्या बरं हातात. ती न्हाई, मोठी. हां, आता दारात हुबं ऱ्हावा आन् उजेड टाका तुमच्या घरधनिनीच्या गालावर."

तो बिचारा शेतकरी माणूस. लग्नाला पंचवीस वर्षं झाली असतील, पण भरबाजारात बायकोच्या गालावर उजेड टाकायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. टोपी सावरत, टाचा उंचावून तो परात धरून उभा राहिला. आप्पा त्याला "खाली, अजून खाली, आता जरा उजवीकडं" असं सांगत होते आणि समोरचा पानवाला, किराणावाला आणि त्यांची गिऱ्हाइकं रस्त्यात येऊन बघत होती. शेवटी त्या बाईंनाच हसू आवरेना. फोटो निघाला तेव्हा त्यांची एसटी निघून गेली होती. मग आप्पांनी दोघांना घरी जेवायला नेलं. सगळी भांडी त्यांनी आप्पांकडूनच घेतली हे सांगायला नको. दुसरीकडे जायला वेळच उरला नव्हता.

उजेड वजनात मोजणारा हा एकच माणूस मी पाहिला. सगळी हयात स्टील, पितळ, तांबं तोलण्यात गेली, त्यामुळे आप्पांना कुठलीही गोष्ट काट्यावर चढल्याशिवाय कळत नसे. ढग आले की "आज उजेड आदपाव बी न्हाई." मे महिन्यात "दोन किलो उजेड हाय, काय करावं येवढ्याचं?" सदरा-पायजमा, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि गळ्यात दोन पेट्या. एक लिंगाची, चांदीची. दुसरी कॅमेऱ्याची, चामड्याची. दोन्हींच्या दोऱ्या एकमेकांत अडकायच्या. त्यांच्या पत्नी महानंदाकाकू तो गुंता सोडवताना म्हणत, "आता दोन दोन देव झालेत. एकाला तरी भूक लागली का इचारा, मंजी ताट करते."

सुरुवात मात्र या चामड्याच्या पेटीनं झाली नव्हती. केजात मोबाइलचा टॉवर नुकताच उभा राहिला होता, त्या दिवसांतली गोष्ट. पुण्याच्या जावयानं आप्पांना एक डिजिटल कॅमेरा आणून दिला. साबणाच्या वडीएवढा, चकचकीत. तोवर आप्पांनी आयुष्यात फोटो काढला नव्हता. पहिल्या आठवड्यात त्यांनी चारशे काढले. बाजारपेठेतला एक माणूस सुटला नाही. काहींचे तर येताना, बसताना आणि जाताना असे तीन तीन. कॅमेरा भरला की आप्पा कॉम्प्युटर क्लासवाल्याकडून सीडी करून आणत. अशाच दोन सीड्या त्यांनी मला दिल्या. म्हणाले, "नांदूरघाटला घिऊन जा, घरच्यांना दावा."

नांदूरघाट माझं गाव. तिथं आमच्या घरी कॉम्प्युटर कुठला? माझ्या चुलत्यानं त्या सीड्या बघितल्या, उन्हात फिरवल्या, आणि दोऱ्याला बांधून जोंधळ्यात टांगल्या. पाखरं यायची बंद झाली. हे मी आप्पांना सांगू नये ते सांगून बसलो. मला वाटलं रागावतील. ते गंभीरपणे विचार करत म्हणाले, "पाखरं भ्याली?"

"भ्याली, आप्पा."

"तुमच्या हेडमास्तरांचा फोटू त्याच्यातच हाय," ते म्हणाले, आणि समाधानानं काट्याकडं वळले.

वर्षभरात असं झालं की आप्पा त्या कॅमेऱ्याला हात लावेनात. कॅमेरा कपाटात गेला. मला वाटलं हौस फिटली. पण एक दिवस आप्पा सलीमभाईंच्या फोटो स्टुडिओतून मोठं गाठोडं घेऊन आले. त्याच सुमाराला सलीमभाई स्टुडिओ डिजिटल करत होते. रोलचा जुना कॅमेरा, फोटो मोठा करायचं यंत्र, लाल बल्ब, सगळं अडगळीत टाकायला काढलं होतं, ते आप्पांनी उचलून आणलं. पाठोपाठ सलीमभाई समजूत घालायला आलेले.

"आप्पा, सारी दुनिया आगे जारी. तुम पीछे कायकू जारे?"

"दुनियेला जाऊ द्या," आप्पा म्हणाले. "मला रोल कसा घालायचा तेवढं शिकवा."

मी नंतर विचारलं, तर आप्पांनी मला कारण सांगितलं. "सर, ते डिजिटल लई घाईचं हाय. माणूस स्टुलावर बसतोय न बसतोय, फोटू निघतो. त्या टायमाला माणूस आजून तोंडात आलेला नसतो बगा. माणूस तोंडात यायला येळ लागतो." मला ते पटलं. जरा चांगलंही वाटलं. मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गाला ते वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं.

पहिला रोल छत्तीस फोटोंचा होता. आप्पांनी तो महिनाभर पुरवला. एकेका माणसाला बोलावून, बसवून, परातीनं उजेड टाकून. छत्तीस झाले तरी कॅमेरा चालूच. सदतीस, अडतीस. आप्पांनी एक्केचाळीस फोटो काढले. "रोल लई बरकतीचा हाय," असं ते बाजारात सांगत सुटले. बेचाळिसाव्याला मात्र त्यांना शंका आली. सलीमभाईंनी अंधारात कॅमेरा उघडला आणि हात घालून चाचपलं.

"आप्पा, रोल तो चलाच नै. जां का वां बैठा है."

रोलचं टोक आतल्या चाकात अडकलंच नव्हतं. महिनाभर आप्पा बटन दाबत होते आणि रोल आपल्या डबीत सुखात पडून होता. त्यानंतर आठ दिवस आप्पांनी दुकानाचं शटर अर्धंच उघडलं. एक्केचाळीस माणसं रोज विचारत होती, आमचा फोटो कुठंय. सगळ्यांत जास्त आमचे हेडमास्तर, कारण ते खास कोट घालून बसले होते.

दुसऱ्या रोलमध्ये त्यांना पुन्हा बसवलं. पुन्हा कोट. या वेळी फोटो आला, पण डोळे मिटलेले. हेडमास्तर नाराज झाले. आप्पांनी तो फोटो मला दाखवला आणि विचारलं, "सर, तुमी रोजचे संगतीतले. हे शाळंत कसे दिसत्यात?"

मी म्हणालो, "दुपारच्या मीटिंगला असेच."

"मंग!" आप्पा म्हणाले. "फोटूला नाव ठिवू नका."

पण माणूस जिद्दीचा. तिसऱ्या, चौथ्या रोलपासून फोटो असे येऊ लागले की सलीमभाईसुद्धा चष्मा काढून, फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत. आप्पांची एक पद्धत ठरली. समोरच्याला बसवायचं, चहा द्यायचा आणि बोलत राहायचं. पाऊसपाणी, पोरंबाळं, कुणाची म्हैस कधी व्याली. अर्ध्या तासानं तो माणूस कॅमेरा विसरायचा. मग कधीतरी, बोलता बोलता, एकच आवाज. खट. बस्स. समोरचा म्हणायचा, "काढणार कवा?" आप्पा म्हणायचे, "काढलाय. जावा आता."

फोटो धुण्याचं काम चालायचं घरामागच्या न्हाणीत. खिडकीला वाकळ, दाराच्या फटीत पोती, वर लाल बल्ब, आणि दुकानातली स्टीलची ताटं ओळीनं मांडलेली. घड्याळ दिसत नाही म्हणून आप्पा मोठ्यानं "ओम नमः शिवाय" म्हणत वेळ मोजायचे. अमुक इतके जप झाले की ताटातला कागद उचलायचा. बाहेरून काकूंचा आवाज यायचा, "आवो, न्हाणीत कावून शिवाचं नाव घ्यायलाव? भाईर या, मला धुणं करायचंय!" आतून आवाज यायचा, "आजून ईस ऱ्हायलेत!" त्यात भारनियमन. आमच्याकडं सकाळी अकराला लाइट यायची आणि दोनला जायची. तेवढ्यात जे होईल ते. एकदा अर्ध्यावर लाइट गेली आणि आप्पांची बराच वेळ आतच चिडचिड चालली होती. जप मात्र थांबला नव्हता.

काकूंबद्दल सांगायला हवं. अंगानं बारीक, चालणं झपाझप, बोलणं त्याहून. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. त्याचे वण तोंडभर होते, गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा. मला पहिल्या दिवशी दिसले, नंतर दिसेनासे झाले. रोज ताकाचा तांब्या माडीवर पाठवणाऱ्या बाईचे वण किती दिवस दिसणार? पण काकू हा रोलचा कॅमेरा निघाला की आतल्या खोलीत जायच्या. मला वाटायचं, नवऱ्याच्या खुळाला कंटाळल्यात. एकदा त्यांची लेक पुण्याहून आली होती, तिनं मला आपल्या लग्नाचा अल्बम दाखवला. जाडजूड अल्बम. ती पान उलटत म्हणायची, "ही बघा आई," आणि बोट ठेवायची एका कोपरावर. "ही आई," तर कुणाच्या तरी खांद्यामागं पदराचं टोक. अख्ख्या अल्बममध्ये नवरीच्या आईचं तोंड एकदाही नव्हतं. लेक हसत होती. मीही हसलो.

घरी भाजी घेऊन यायच्या त्या इंदूबाई. साठी उलटलेली, समोरचे दोन दात गेलेले, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. आप्पांनी त्यांना अंगणात बसवून, अर्धा तास गवारीच्या शेंगांवर बोलून त्यांचा फोटो काढला. तो वाळायला दोरीवर लावलेला होता. काकू धुणं घालायला आल्या आणि त्याच्यासमोर थांबल्या. मी ताकाचा तांब्या परत द्यायला आलो होतो, म्हणून हे पाहिलं. हातात पिळलेलं लुगडं तसंच.

"इंदू आशी दिसती?" काकूंनी विचारलं.

आप्पा ओट्यावर होते. "आशीच दिसती."

"बरी दिसती की," काकू म्हणाल्या, आणि लुगडं झटकून दोरीवर टाकलं.

पुढचा रविवार. नऊ वाजलेले. मी जिन्यात बसलो होतो. काकू घरातून दुकानात आल्या, हातात शेंगदाण्यांचं सूप. सरळ जाऊन स्टुलावर बसल्या आणि शेंगदाणे निवडायला लागल्या. मान खाली. "काढा येकदाचा," त्या म्हणाल्या. "पर मला बगायचा न्हाई."

आप्पा गिऱ्हाइकाला तांब्या दाखवत होते. त्यांनी तांब्या त्याच्या हातात दिला आणि त्याला म्हणाले, "तुमी जावा." गिऱ्हाईक म्हणालं, "कितीचा हाय?" "जावा तुमी, घिऊन जावा." तो माणूस तांब्या घेऊन गोंधळून निघून गेला.

मग आप्पांनी कॅमेरा काढला. एवढ्या लोकांना हालू नका, हालू नका म्हणून ओरडणारा हा माणूस, आणि त्याच्याच हातून कॅमेऱ्याचं झाकण निघेना. मी खाली उतरलो, झाकण काढून दिलं, न सांगता परात घेतली आणि दारात उभा राहिलो. उजेड कुठं टाकू म्हणून मी बघितलं, तर आप्पा काहीच सांगेनात. बोलायची त्यांची नेहमीची पद्धतही विसरले होते. चहा नाही, म्हैस नाही. तसेच उभे.

शेवटी काकूच बोलायला लागल्या. दाण्यात खडे लई निघतायत, यंदा लेकीला चटणी पाठवायची, जावयाला तिखट चालत नाही. बोलता बोलता त्यांनी मान वर केली, आप्पांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आवो, हुबे कावून? बसा की."

खट.

काकूंना कळलंही नाही. मी हळूच विचारलं, "आप्पा, अजून एक?"

"न्हाई. ह्योच."

त्याच दिवशी अकराला लाइट आली तेव्हा आप्पांनी मला न्हाणीत बोलावलं. म्हणाले, "सोबत ऱ्हावा." रोल पुरता संपायच्या आधीच त्यांनी काढला होता. रोल धुतला, वाळवला, यंत्रात घातला, कागदावर उजेड पाडला आणि कागद ताटात सोडला. लाल अंधारात आम्ही दोघं उकिडवे बसलो होतो. जप नव्हता. मला राहवलं नाही, मी म्हणालो, "काकू बसल्या शेवटी. मला वाटलं होतं त्या वैतागल्यात या सगळ्याला."

आप्पा ताट हलकं हलकं डुलवत होते.

"जावयानं डिजिटल दिला ना, सर, तवा पयला फोटू हिचाच काढला. ती म्हनली, दावा. म्या दावला. त्याच्यात मागं लगेच दिसतंय. तिनं बगितला आन् म्हनली, पुसा. म्या पुसला. दुसऱ्या दिवशी परत काढला. परत म्हनली, पुसा. वरीसभर तेच चाललंतं. चाळीस टायमाला काढला आसंल." त्यांनी ओला अंगठा उचलून माझ्यापुढं धरला. "सर, चाळीस टायमाला ह्या बोटानं म्याच पुसलं तिला. मंग सलीमभाईकडं गेलतो. म्हनलं, पुसायचं बटन नसल्याला कॅमेरा हाय का?"

मी ताटाची दुसरी कड धरली.

"आन् हिला येकदाच बसवायला मिळंल हे ठावं होतं," ते म्हणाले. "म्हनून गावावर हात बसवला."

ताटातल्या पांढऱ्या कागदावर आधी डोळे आले. मग केसांची कड, मग ओठ, काहीतरी बोलता बोलता उघडलेले. आणि मग वण. कडेनं उजेड पडलेला, त्यामुळे एकेक वण उठून आला होता. सलीमभाईंनी मागेच सांगितलं होतं की पेन्सिलीनं डाग झाकता येतात, शिकवतो. आप्पांनी ते शिकून घेतलं नव्हतं. मला भीती वाटली. वाटलं, या बाई आता काय म्हणतील? पण त्या फोटोत काकू ज्या नजरेनं बघत होत्या ती मी तीन वर्षांत कधी पाहिली नव्हती. ती माझ्यासाठी नव्हतीच.

आप्पांनी फोटो धुऊन ओट्यावर टॉवेलनं टिपला आणि दोरीला लावला. दोन वाजले, लाइट गेली. फोटो वाळेपर्यंत आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो. मला बघायचा नाही म्हणणाऱ्या काकू तीनदा अंगणातून जाऊन आल्या. चौथ्यांदा आल्या तेव्हा फोटो काढून हातात घेतला आणि उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडं पाठ होती.

"सगळे डाग आलेत की," त्या म्हणाल्या.

"आलेत," आप्पा म्हणाले.

"येक बी सोडला न्हाई."

"न्हाई."

काकूंनी पदरानं फोटोची कड पुसली. पुन्हा बघितला, लांब धरून, मग जवळ धरून. मी उठून जावं की बसावं ते मला कळेना. आप्पा जमिनीकडं बघत होते.

"आजून येक निघंल का?" काकू म्हणाल्या. "लेकीला धाडू."

आप्पा उठले. "निघंल," म्हणाले. "काढतो." आणि तरातरा न्हाणीत गेले, दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

लाइट दुसऱ्या दिवशी सकाळी अकरालाच येणार होती. तोवर न्हाणीत काही करता येण्यासारखं नव्हतं, हे मलाही माहीत होतं आणि काकूंनाही. त्यांनी दाराकडं एकदा बघितलं. मग फोटो उलटा करून छातीशी धरला आणि मला म्हणाल्या,

"बसा सर, च्या ठेवते. त्यांना जरा येळ लागंल."